बाहेरगावी राहून पुण्यातला फ्लॅट भाड्याने देताना: प्रॉपर्टी मॅनेजरकडून काम कसे करून घ्यावे

नोकरी बंगळूरला किंवा सिंगापूरला, आई-वडील गावी आणि पुण्यात खराडी-बाणेरकडे घेतलेल्या फ्लॅटचा ताबा नुकताच मिळालेला, अशी परिस्थिती असलेली मराठी घरे आज कितीतरी आहेत. हप्ता सुरू झालेला असतो, घर रिकामे ठेवणे परवडत नाही आणि अशा वेळी कोणीतरी ओळखीतला माणूस सुचवतो: "तो सगळे बघतो." पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्याची गडबड नेमकी या 'सगळे' शब्दापाशी होते. भाडेकरू शोधणे, चावी देणे, नळ दुरुस्त करून घेणे, सोसायटीच्या कार्यालयात चकरा मारणे ही कामे मॅनेजरवर सोपवता येतात आणि सोपवावीत. मात्र कोणाला घर द्यायचे हा निर्णय, करारावरची सही आणि पैसे जमा होण्याचे खाते या तीन गोष्टी मालकाच्याच हातात राहिल्या पाहिजेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विभागणीवर उभ्या आहेत.

आधी हिशेब मांडा

मॅनेजर नेमण्यापूर्वी वर्षाचा हिशेब कागदावर मांडावा, कारण महिन्याच्या भाड्याचा आकडा फसवा असतो. समजा, दोन बेडरूमच्या फ्लॅटला दरमहा ३०,००० रुपये भाडे येते आणि वर्षात एक महिना घर रिकामे राहते, म्हणजे प्रत्यक्ष जमा ३,३०,००० रुपये. मॅनेजरची फी जमा भाड्याच्या ८ टक्के धरली, तर २६,४०० रुपये आणि तो जीएसटी नोंदणीकृत असल्यास त्यावर १८ टक्क्यांनी ४,७५२ रुपये. दलाली अर्ध्या महिन्याची, १५,००० रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स दरमहा ३,५०० रुपयांनी ४२,००० रुपये. मालमत्ता कर १५,००० आणि रंग, प्लंबिंग, गीझर यांसाठी २०,००० रुपये गृहीत धरले, तर एकूण खर्च १,२३,१५२ रुपये होतो आणि हातात २,०६,८४८ रुपये उरतात. म्हणजे ३०,००० रुपये भाड्याचे घर महिन्याला प्रत्यक्षात सव्वासतरा हजारांच्या आसपास देते, तेही आयकर आणि कर्जाचे व्याज विचारात घेण्यापूर्वी. यातील आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या फ्लॅटचे आकडे त्या जागी घालून पाहावेत. फीच्या मागणीचे प्रमाण साधारणपणे भाड्याच्या पाच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान ऐकू येते, पण त्यात कोणती कामे धरली आहेत यावरच ती स्वस्त की महाग हे ठरते.

हा हिशेब पाहून अनेकांना वाटते, की पुण्यातला भाचा किंवा मेहुणा हे काम फुकट करेल. तसा माणूस खरोखर उत्साही आणि मोकळा असेल, तर जरूर विचारावे. परंतु रात्री दहा वाजता भाडेकरूचा गीझरसाठी फोन आला, की नात्यातल्या माणसाला उशीर केल्याबद्दल बोलता येत नाही आणि त्याने केलेला खर्च तपासताही येत नाही. पैसे देऊन नेमलेल्या माणसाला जाब विचारता येतो, हा फीचा खरा मोबदला आहे. नातेवाइकाची मदत वेगळ्या आणि अधिक महत्त्वाच्या कामासाठी राखून ठेवावी. ते पुढे मुखत्यारपत्राच्या (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीच्या) संदर्भात येईल.

माणूस निवडताना

बाजारात साधारणपणे तीन प्रकार दिसतात. पहिला, त्या भागातला दलाल, जो भाडेकरू आणून देतो आणि थोड्या पैशांत 'नंतरचेही बघतो'. दुसरा, ठरावीक सोसायट्यांमधले वीस-पंचवीस फ्लॅट सांभाळणारा स्वतंत्र मॅनेजर. तिसरा, खात्रीचे भाडे देऊ करणारी कंपनी, जी घर स्वतः कराराने घेते आणि पुढे इतरांना राहायला देते. तिसऱ्या प्रकारात दरमहा ठरलेली रक्कम मिळते हे खरे, पण आपला करार कंपनीशी होतो, घरात कोण राहते यावर आपले नियंत्रण राहत नाही आणि कंपनीने हात वर केले तर आत राहणाऱ्या माणसाशी आपला कोणताही थेट करार नसतो. पहिल्यांदाच घर देणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाड्याच्या घरांची देखभाल करणाऱ्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना नाही. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, एजंट म्हणून नोंदणी असेल तर चांगलेच, परंतु ती मुख्यतः विक्रीच्या व्यवहारांशी संबंधित आहे. देखभालीच्या कामाची हमी म्हणून ती पाहू नये. त्यामुळे चौकशी स्वतःलाच करावी लागते. मॅनेजरकडून दोन मालकांचे संपर्क मागावेत आणि त्यातला एक असा असावा, ज्याचा भाडेकरू नुकताच घर सोडून गेला आहे. भाडेकरू आणताना सगळेच तत्पर असतात. डिपॉझिटमधून किती कापले, कशासाठी कापले आणि घर कोणत्या अवस्थेत परत मिळाले, यावरून माणसाची खरी पारख होते. दुसऱ्या मालकाला पाठवलेला एखादा मासिक हिशेब, नाव झाकून, दाखवायला सांगावे. तो दाखवता येत नसेल, तर तसा हिशेब बहुधा बनतच नसतो. तिसरी चौकशी सोसायटीच्या कार्यालयात आणि गेटवर करावी. कोणाच्या भाडेकरूंचे कागद वेळेवर येतात, कोणाच्या फ्लॅटवरून दर महिन्याला तक्रार येते आणि गळती झाल्यावर कोण फोन उचलत नाही, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असते.

मॅनेजरशी लेखी करार

भाडेकरूशी करार करण्याची आठवण सर्वांना असते. मॅनेजरशी करार मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन ओळींवर उरकला जातो. चार पानांचा साधा लेखी करार पुरेसा आहे, पण त्यात काही गोष्टी नि:संदिग्ध हव्यात.

फी 'ठरलेल्या भाड्यावर' नसून 'मालकाच्या खात्यात जमा झालेल्या भाड्यावर' असावी आणि घर रिकामे असताना ती शून्य असावी. एवढ्या एका वाक्याने थकबाकीचा पाठपुरावा करण्यात मॅनेजरचाही स्वार्थ तयार होतो. दलालीचा मुद्दा याहून नाजूक आहे. जो माणूस देखभालही करतो आणि नवा भाडेकरू आणल्यावर दलालीही घेतो, त्याला भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलला तर फायदाच असतो. मालकाचे हित मात्र चांगला भाडेकरू तीन-चार वर्षे टिकण्यात आहे. म्हणून त्याच भाडेकरूच्या नूतनीकरणावर दलाली द्यायची नाही, फक्त कागदपत्रांच्या कामाची ठरावीक रक्कम द्यायची आणि भाडेकरू सहा महिन्यांच्या आत गेला तर पुढच्या वेळी दलाली घ्यायची नाही, असे लिहून घ्यावे. चांगला मॅनेजर यावर थोडी घासाघीस करून तयार होतो. जो मुळीच तयार होत नाही, त्याचे उत्पन्न कशावर चालते हे वेगळे विचारायला नको.

दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा घालावी. उदाहरणार्थ, २,००० रुपयांपर्यंतचे काम मॅनेजरने न विचारता करावे. त्यावरच्या कामासाठी फोटो आणि अंदाजपत्रक पाठवून होकार घ्यावा. १०,००० रुपयांच्या वर दोन वेगवेगळी अंदाजपत्रके हवीत. पाणी गळणे, शॉर्ट सर्किट, गॅसचा वास अशा प्रसंगी आधी काम आणि मग फोन, ही सूट स्वतंत्रपणे द्यावी, नाहीतर मालक झोपेत आहे म्हणून खालच्या फ्लॅटचे छत भिजत राहते. मॅनेजर कारागिराच्या बिलावर स्वतःची टक्केवारी लावणार असेल, तर ती उघडपणे लिहिलेली असावी. शेवटी, कोणत्याही बाजूने तीस दिवसांच्या लेखी सूचनेने करार संपवता यावा आणि संपताना सर्व चाव्या, मूळ कागद आणि पावत्या परत द्याव्यात, हे कलम विसरू नये.

सही कोणाची?

"साहेब, एक पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी देऊन टाका, म्हणजे तुम्हाला त्रास नको," असे मॅनेजर सहज सुचवतो. इथे थांबावे. भारतातच पण दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मालकाला बहुतेक वेळा मुखत्यारपत्राची गरजच पडत नाही. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाने लिव्ह अँड लायसन्स करारासाठी, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरते राहायला देण्याच्या करारासाठी, ऑनलाइन नोंदणीची सोय केली आहे. त्यात आधारशी जोडलेल्या बोटांच्या ठशांनी ओळख पटवली जाते आणि दोन्ही पक्षांनी एकाच वेळी एका टेबलाशी बसण्याची आवश्यकता नसते. ठसे घेण्याचे यंत्र जवळ उपलब्ध असले, की बंगळूरमधून आपला भाग पूर्ण करता येतो. हे काम करणारे अधिकृत सेवा पुरवठादार पुण्या-मुंबईत भाडेकरूच्या घरी येऊनही ठसे घेतात.

परदेशात राहणाऱ्यांना, विशेषतः आधार नसलेल्यांना, मुखत्यारपत्र लागते. ते देताना ते विशेष, म्हणजे ठरावीक कामापुरतेच असावे: अमुक फ्लॅट, निवासी वापरासाठी, अमुक कालावधीपर्यंत, लिव्ह अँड लायसन्स करारावर सही करणे आणि तो नोंदवणे, सोसायटी आणि पोलिसांकडे कागद देणे. विक्री, गहाण, बक्षीसपत्र, कर्ज आणि मालकाच्या नावाने पैसे स्वीकारणे हे अधिकार दिलेले नाहीत, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. परदेशातून देताना ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करावे लागते आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत अनेकांच्या लक्षात राहत नाही आणि ऐन नोंदणीच्या दिवशी कागद अडतो. राहिला प्रश्न ते कोणाच्या नावे द्यावे याचा. वर्षातून एकदा सही करण्यापुरते पुण्यातल्या भावाला, बहिणीला किंवा विश्वासू मित्राला द्यावे, मॅनेजरला नव्हे. रोजची धावपळ एकाकडे आणि सहीचा अधिकार दुसऱ्याकडे असला, की दोघांनाही एकमेकांचे काम दिसत राहते.

पैशांची वाट

भाडे आणि डिपॉझिट दोन्ही भाडेकरूच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात यावेत आणि मॅनेजरने आपल्या फीचे बिल महिन्याच्या शेवटी वेगळे पाठवावे. मॅनेजरच्या खात्यातून फी कापून उरलेली रक्कम पाठवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण तिच्यामुळे भाडेकरूने भाडे पाच तारखेला दिले की पंचवीस तारखेला, हे मालकाला कधीच कळत नाही. डिपॉझिटबाबत तर मुळीच तडजोड करू नये. घर सोडताना भाडेकरू ती रक्कम करारातल्या मालकाकडेच मागणार. ती मॅनेजरकडे अडकली असली तरी देणे मालकाचेच राहते. मिळालेले डिपॉझिट खर्चून न टाकता वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावे. भाडे मिळाल्याची पावती दरमहा द्यावी. ती देणे कायद्यानेही बंधनकारक आहे आणि नोकरदार भाडेकरूला घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी ती लागते.

अनिवासी भारतीयांनी भाड्यासाठी एनआरओ खाते (अनिवासींचे भारतातले उत्पन्न जमा करण्याचे बँक खाते) द्यावे. मालक अनिवासी असेल, तर भाडे देतानाच भाडेकरूला ३० टक्के आणि वर उपकर इतका कर कापून भरावा लागतो, भाडे कितीही लहान असले तरी. बऱ्याच भाडेकरूंना आणि मॅनेजरांनाही हे ठाऊक नसते, आणि दोन महिन्यांनी कळल्यावर वाद होतात. म्हणून जाहिरात देतानाच ही बाब सांगावी आणि करारात घालावी. प्रत्यक्ष देय कर कमी असेल, तर आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला घेता येतो. मालक निवासी असेल आणि भाडे दरमहा ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर व्यक्तिगत भाडेकरूने २ टक्के कपात करायची असते. हा दर ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, त्यापूर्वी तो ५ टक्के होता.

घराची नोंद

भाडेकरू येण्यापूर्वी एकदा तरी पुण्यात येऊन घर स्वतः पाहावे. ते अगदीच अशक्य असेल, तर मॅनेजरला व्हिडिओ कॉलवर घरातून फिरवावे आणि त्याने काय दाखवायचे हे आपण सांगावे, कारण तो आपण होऊन हॉल आणि बाल्कनीतला देखावा दाखवेल. प्रत्येक नळ पूर्ण सोडायला लावावा आणि त्याच वेळी सिंकखालचे कपाट उघडून पाइपाच्या सांध्याशी कोरडा कागद धरायला सांगावा. कागद ओला झाला, तर भाडेकरू येण्यापूर्वीच प्लंबर बोलवायचा. बाथरूमच्या छताचा कोपरा दाखवायला सांगावा, म्हणजे वरच्या मजल्याची गळती आहे का ते कळते. फ्लश, गीझर, एक्झॉस्ट पंखा, खिडक्यांच्या खिट्ट्या, माळा, ड्राय बाल्कनीतली पाणी जाण्याची जाळी, हे सारे पाहावे. ही जाळी पावसाळ्यापूर्वी साफ झाली नाही, तर पहिल्याच मोठ्या सरीत पाणी स्वयंपाकघरात शिरते.

त्यानंतर सामानाची यादी करावी. 'पंखे ४' एवढे लिहून भागत नाही. कंपनी, मॉडेल, गीझर किती लिटरचा, एसीचा अनुक्रमांक, किती चाव्या, पार्किंगचा क्रमांक आणि गेटची कार्डे किती, असे तपशील हवेत. महावितरणच्या मीटरचे आणि पाइप गॅस असेल तर त्याच्या मीटरचे त्या दिवशीचे रीडिंग फोटोसह नोंदवावे. ही यादी भाडेकरूच्या सहीने करारासोबत जोडावी आणि व्हिडिओ तिघांकडेही असावा. विजेचा ग्राहक क्रमांक स्वतःच्या मोबाइलशी जोडून घेतला, की बिल थकले का हे कोणालाही न विचारता कळते.

भाडेकरू ठरवताना

मॅनेजरने दोन-तीन उमेदवार समोर ठेवावेत आणि अंतिम होकार मालकाने द्यावा. नोकरीचे ओळखपत्र, आधार व पॅन, राहणाऱ्या सर्वांची नावे, आधीच्या घरमालकाचा फोन आणि घर बदलण्याचे कारण, एवढी माहिती मागावी. आधीच्या घरमालकाला फोन मात्र स्वतः करावा. पाच मिनिटांच्या त्या बोलण्यातून जे समजते, ते कुठल्याही कागदावर येत नाही. दोन हजार रुपये जास्त मिळावेत म्हणून घर दीड महिना रिकामे ठेवणे हा नवख्या मालकांचा नेहमीचा हट्ट असतो. वरच्या उदाहरणात दीड महिना म्हणजे ४५,००० रुपये. ते दोन हजारांच्या वाढीतून भरून निघायला जवळजवळ दोन वर्षे लागतील.

करार आणि त्याची नोंदणी

अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे, नोंदणी लागत नाही, असे मॅनेजरने सांगितले तर ते महाराष्ट्रापुरते चूक आहे. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हा नियम १९०८ च्या नोंदणी अधिनियमातून आलेला आहे आणि अकरा महिन्यांची प्रथा देशभर त्यावरच रुळली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार इथला प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठा तोटा असा, की पुढे वाद झाला आणि उलट सिद्ध करता आले नाही, तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

खर्च म्हणाल तर तो नगण्य आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते आणि ते पूर्ण मुदतीचे भाडे, परत न करायची रक्कम असल्यास ती आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर आकारले जाते. ३०,००० रुपये भाडे, अकरा महिने आणि एक लाख डिपॉझिट असेल, तर ३,३०,००० अधिक सुमारे दहा हजार, म्हणजे ३,४०,००० रुपयांवर जवळपास ८५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि हाताळणी शुल्क वेगळे. हा खर्च दोघांत निम्मा वाटून घेण्याची पद्धत आहे.

नूतनीकरण दरवर्षी करण्यापेक्षा चांगल्या भाडेकरूशी थेट दोन-तीन वर्षांचा करार करून त्यात दरवर्षीची वाढ लिहिणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ०.२५ टक्क्यांचा हाच दर साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना लागू होतो. लॉक-इन (ज्या काळात मध्येच करार सोडता येत नाही) किती महिन्यांचा, सूचना किती दिवसांची, सोडताना रंगकामाचे पैसे कोणाचे, किरकोळ दुरुस्ती किती रुपयांपर्यंत भाडेकरूने करायची, हे आकड्यांत लिहावे. करारात मॅनेजरचे नाव फक्त संपर्कासाठी असावे. मसुदा त्याने आणला, तरी प्रत्येक पान स्वतः वाचावे. जुन्या मसुद्यातले दुसऱ्याच फ्लॅटचे पार्किंग किंवा वेगळाच कालावधी तसाच राहून गेल्याचे प्रकार होतात.

पोलीस, सोसायटी, महापालिका

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हे मालकाचे काम आहे. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन भरता येते. मॅनेजरने ती भरली, तरी पोचपावती आपल्या ईमेलवर घ्यावी, कारण चूक झाल्यास विचारणा मालकाकडे होते.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत घर भाड्याने देण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवून कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. बिलात याहून मोठा आकडा दिसला, तर मॅनेजरला वाद घालायला न पाठवता स्वतः लेखी पत्र द्यावे. पुण्यातल्या अनेक वसाहती मात्र सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या आहेत; तिथे त्यांच्या घोषणापत्रातले आणि उपविधींतले नियम पाहावे लागतात.

पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या निवासी घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिल्यावर ही सवलत राहत नाही आणि बिल बरेच वाढते, हे सुरुवातीच्या हिशेबातच धरावे. वाकड-रावेतचे फ्लॅट पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतात; तिथले बिल तिथल्या नियमांनी पाहावे.

दर महिन्याचे काम

एका पानाचा मासिक हिशेब पुरतो: भाडे कोणत्या तारखेला जमा झाले, वीज आणि गॅसचे बिल भरले का, सोसायटीची थकबाकी किती, कोणती तक्रार कधी आली आणि कधी मिटली, आणि खर्च पावतीसह. 'प्लंबिंगचे काम, ४,५०० रुपये' अशी ओळ मान्य करू नये. काय बदलले, मजुरी किती, सामान किती आणि जुना भाग कुठे, हे विचारावे. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा फोटो मागावा. पहिल्या दोन महिन्यांत ही शिस्त लावली, तर पुढे मॅनेजर आपण होऊन फोटो पाठवतो. मात्र दोनशे-तीनशे रुपयांसाठी दर वेळी कीस काढणाऱ्या मालकाचा फोन पुढे कोणी पटकन उचलत नाही, हेही तितकेच खरे.

भाडेकरूकडे मालकाचा नंबर असावा, पण रोजच्या तक्रारी मॅनेजरकडेच जाव्यात. दर सहा महिन्यांनी, भाडेकरूला आधी कळवून, मॅनेजरने घर पाहून यावे. त्यातली एक फेरी मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी असावी.

आयकर

भाड्याच्या उत्पन्नातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मॅनेजरची फी, दलाली, रंग, दुरुस्ती हे सारे या ३० टक्क्यांतच धरलेले असते. त्यांची वेगळी वजावट मागता येत नाही. गृहकर्जाचे व्याज वजा करता येते. त्यातून तोटा झाला, तर जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंतचा तोटा पगारासारख्या इतर उत्पन्नातून वळता करता येतो, नव्या प्रणालीत मात्र तशी मुभा नाही. मॅनेजर 'बिल नको, रोख द्या, जीएसटी वाचेल' असे म्हणाला, तरी बिल घ्यावे. करासाठी नव्हे, तर त्याच्याशी वाद झाल्यास तोच पुरावा असतो.

घर रिकामे होताना

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मॅनेजरने भाडेकरूचा मनसुबा लेखी विचारावा. सोडण्याच्या दिवशी जुना व्हिडिओ आणि यादी समोर ठेवून घर पाहावे, मीटरची रीडिंग घ्यावीत, शेवटची बिले भागवावीत आणि कपातीचा तपशील त्याच दिवशी लिहून द्यावा. भिंतीवरचे खिळे आणि फिकट झालेला रंग ही वापराची झीज; तुटलेला सिंक हे नुकसान. या दोहोंतला फरक मालकाने ठरवावा, कारण कापलेल्या पैशांतून काम मॅनेजरच्याच कारागिराला मिळणार असते. डिपॉझिट चावी हातात आल्यावर, मालकाच्या खात्यातून थेट भाडेकरूच्या खात्यात जावे.

मुदत संपूनही भाडेकरू हलत नसेल, तर वीज-पाणी तोडणे किंवा कुलूप बदलणे हा मार्ग नाही, आणि मॅनेजरला तसे 'बघून घे' म्हणून सांगणे तर त्याहून वाईट. त्याच्या कृत्याचा जाब मालकाला द्यावा लागतो. नोंदणीकृत करार हाती असल्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते आणि समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूला बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. या कामासाठी वकील करावा. मॅनेजरने फक्त कागद पुरवावेत.

मॅनेजरच बदलायचा झाला, तर आधी नवा ठरवावा, मग जुन्याला लेखी सूचना द्यावी आणि त्याच दिवशी भाडेकरू, सोसायटीचे कार्यालय आणि गेट या तिघांना नवा संपर्क कळवावा. चाव्यांची संख्या यादीशी ताडून पाहावी. एक जरी कमी भरली, तरी मुख्य दाराचे कुलूप भाडेकरूला सांगून बदलून घ्यावे. जुन्या मॅनेजरच्या नावे एखादे मुखत्यारपत्र दिले गेले असेल, तर ते लेखी रद्द करून त्याची प्रत त्याला, भाडेकरूला आणि सोसायटीला पोच घेऊन द्यावी, आणि ते नोंदणीकृत असल्यास रद्द केल्याचा दस्तही नोंदवून घ्यावा.